कोकणातल्या गावाची तीस वर्षांनंतरची लोकसंख्या : कोणती विदा (डेटा) घ्यावी, कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

मुचकुंदी

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाच्या पाणी समितीवर मी काही वर्षे काम करतो आहे. नव्या नळपाणी योजनेचा आराखडा समितीपुढे वाचला गेला, तेव्हा त्यातील ‘संकल्पित लोकसंख्या’ या रकान्यावर माझी नजर अडली. तीस वर्षांनंतर गावात आजच्या दीडपट माणसे असतील, असे गृहीत धरून साठवण टाकी, पंप आणि जलवाहिनीचा व्यास ठरवला होता. आमच्या गावात मात्र दर दोन-तीन घरांमागे एक घर वर्षातील दहा महिने कुलूपबंद असते आणि शाळेचा पट वर्षागणिक घटतो आहे.

हा आकडा कुठून आला याची विचारणा केली, तेव्हा राज्याचा दशवार्षिक वाढीचा दर घेऊन भूमितीय पद्धतीने, म्हणजे दर दशकाला तोच टक्का लावत, तो पुढे नेला, असे उत्तर मिळाले. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, म्हणजे ८१,७०८ माणसे कमी झाली आणि दर उणे ४.८२ टक्के पडला. समजा, गावाची लोकसंख्या १,००० आहे. राज्याच्या दराने तीन दशकांनी ती १,५६० होते आणि जिल्ह्याच्या दराने ८६२. जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या हिशेबाने रोजची गरज पहिल्या आकड्यावर ८५,८०० लिटर येते आणि दुसऱ्यावर ४७,४१० लिटर. हा फरक कागदावर राहत नाही. मोठ्या पंपाचे वीजबिल गावालाच भरावे लागते आणि पाणीपट्टी देणारी घरे मात्र कमी होत जातात.

मी अभियंता किंवा लोकसंख्याशास्त्रज्ञ नाही. संगणकावर एक्सेल मला बऱ्यापैकी येते. जाणकारांनी दोन गोष्टींवर मार्गदर्शन करावे. गावपातळीवर अशा अंदाजासाठी कोणती विदा विश्वासाने घेता येते? आणि त्यासाठी मोफत मिळणारे, सामान्य माणसाला पेलवणारे कोणते सॉफ्टवेअर आहे?

कोष्टक

मुचकुंदी, आपण अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माझे शिक्षण देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत झाले. पहिल्याच सत्रात आम्हाला शिकवलेली गोष्ट अशी, की लोकसंख्या कधीही ‘टक्क्याने’ वाढत नाही. ती जन्माने आणि आलेल्या माणसांनी वाढते, मृत्यूने आणि गेलेल्या माणसांनी घटते, आणि या चारही घटना वयावर अवलंबून असतात. पंचविशीतल्या स्त्रिया ज्या गावात उरल्या नाहीत, त्या गावाला राज्याचा जननदर लावून मूल जन्माला येत नाही.

पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात वापरतात त्या अंकगणिती वाढ, भूमितीय वाढ आणि वाढीव वाढ या तिन्ही पद्धतींत फक्त एकूण लोकसंख्येचे जुने आकडे लागतात. त्या चुकीच्या नाहीत. वाढत्या शहरासाठी त्या कामचलाऊ उत्तर देतात. परंतु ज्या जिल्ह्यातून तरुण माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जात आहेत, तिथे या पद्धती आंधळ्या ठरतात. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि त्याच वेळी राज्यात ९२९. कामासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांची रिकामी जागाच या आकड्यात दिसते.

वयवार हिशेबाची रूढ पद्धत अशी आहे. लोकसंख्येचे पाच-पाच वर्षांचे वयोगट स्त्री आणि पुरुष वेगळे करून मांडायचे. प्रत्येक गटाला पाच वर्षे पुढे सरकवायचे, जीवनसारणीतून, म्हणजे कोणत्या वयात किती माणसे दगावतात हे सांगणाऱ्या तक्त्यातून, मिळणाऱ्या प्रमाणात मृत्यू वजा करायचे, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना वयनिहाय जननदर लावून नवी मुले तळाशी घालायची, आणि स्थलांतराची बेरीज-वजाबाकी करायची. संयुक्त राष्ट्रांचे जागतिक अंदाज असोत की भारत सरकारच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ या काळासाठी केलेले राज्यवार प्रक्षेपण असो, पाया हाच आहे. त्या गटाच्या हिशेबाने भारताची लोकसंख्या २०३६ साली १५२.२ कोटी होईल. मात्र तो अहवाल राज्यापर्यंतच थांबतो. जिल्हा, तालुका आणि गाव यांचा हिशेब आपला आपल्यालाच करावा लागतो.

सॉफ्टवेअरविषयी सांगायचे, तर एक्सेल येत असेल तर सुरुवात एक्सेलवरच करावी. अमेरिकेच्या जनगणना विभागाने ‘पॉप्युलेशन अ‍ॅनालिसिस सिस्टिम’ या नावाने तयार वर्कशीटचा एक संच मोफत ठेवला आहे. वयाच्या विदेतील दोष तपासणे, वयोगट सुरळीत करणे, जीवनसारणी बांधणे अशा प्रत्येक कामाला त्यात स्वतंत्र शीट आहे. आपण आकडे भरायचे आणि सूत्र कसे चालते ते पेशीत (सेलमध्ये) जाऊन पाहायचे. शिकणाऱ्यासाठी हा मोठा लाभ आहे, कारण बंद डब्यातून उत्तर बाहेर आले असे तिथे होत नाही. पूर्ण प्रक्षेपणासाठी त्याच विभागाचे ‘डॅप्स’ आहे आणि कुटुंबनियोजन व आरोग्य यांच्या नियोजनात वापरले जाणारे ‘स्पेक्ट्रम’ आहे, ज्यातील ‘डेमप्रोज’ हा भाग लोकसंख्येचे काम करतो. ज्यांना आर ही संगणकभाषा येते त्यांच्यासाठी ‘डेमोटूल्स’ हे पॅकेज उत्तम आहे.

परंतु यांपैकी काहीही उतरवून घेण्याआधी विदा पाहा. माझ्या अनुभवात नवशिक्याचा नव्वद टक्के वेळ प्रक्षेपणाच्या सूत्रांवर जातो आणि वयाचा तक्ता तपासायला कोणी दहा मिनिटे देत नाही.

ओसरी

कोष्टक यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि दोन जनगणनांत प्रगणक म्हणून घरोघर फिरले आहे. वयाचा आकडा तक्त्यात कसा जन्माला येतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

‘आजी, तुमचे वय किती?’ असे विचारले की पहिले उत्तर येते, ‘झाली असतील साठ-पासष्ट.’ मग आम्ही खुणा शोधत बसतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचे लग्न झाले होते का? थोरला मुलगा तेव्हा पोटात होता की रांगत होता? बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठे होता? कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, हे माहीत असले की तिथून वजाबाकी करता येते. हे सगळे करायला प्रत्येक घरी अर्धा तास लागतो. दिवस मावळायला आला आणि अजून बारा घरे उरली, की कोणत्याही प्रगणकाच्या हातून ‘६०’ लिहिले जाते. त्यात त्याचा आळस नसतो. समोरच्या माणसाकडेच त्याहून नेमके उत्तर नसते.

२०११ च्या प्रपत्रात वयाबरोबर जन्मतारीखही विचारली होती, तेव्हा आता हा दोष जाईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात एका वाडीत मला एकामागून एक १ जून ही तारीख मिळत गेली. कारण सर्वांना ठाऊक आहे. जूनमध्ये शाळेत नाव घालताना मुलाची खरी तारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून टाकत. पुढे तीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून ओळखपत्रावर आणि तिथून संगणकात गेली. तारीख नेमकी दिसते म्हणून ती खरी असते, असे नव्हे.

कोष्टक

ओसरीताई, आपण लिहिलेत तेच तपासण्याचे गणित लोकसंख्याशास्त्रात आहे आणि ते पाचवीच्या मुलाला करता येईल इतके सोपे आहे. त्याला व्हिपल निर्देशांक म्हणतात. जनगणनेच्या सी-१३ या तक्त्यात एकेका वर्षाच्या वयाची माणसे दिलेली असतात. त्यातून २५, ३०, ३५ असे करत ६० पर्यंतच्या वयांची माणसे मिळवायची आणि त्या बेरजेला पाचाने गुणायचे. मग २३ ते ६२ या सर्व वयांच्या माणसांच्या बेरजेने भागायचे आणि शंभराने गुणायचे. लोक शून्य आणि पाच या अंकांकडे झुकत नसतील तर उत्तर १०० च्या आसपास येते. सगळ्यांनीच ० किंवा ५ वर संपणारे वय सांगितले तर ५०० येते. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतवारीत १०५ च्या आतली विदा अतिशय अचूक आणि १७५ च्या पुढची अत्यंत ढोबळ मानली जाते.

मुचकुंदी, आपल्या जिल्ह्यासाठी हा निर्देशांक स्त्रिया आणि पुरुष असा वेगवेगळा काढून पाहा, आणि त्याच तक्त्याचा स्तंभालेखही काढा. ३०, ४०, ५० आणि ६० वर उभे राहिलेले सुळके आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे खड्डे पडद्यावर दिसले, की ‘विदा’ या शब्दाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. मला स्वतःला हा आलेख पहिल्यांदा काढला तो दिवस आजही आठवतो. ४१ वयाची माणसे ४० वयाच्या माणसांपेक्षा इतकी कमी कशी, म्हणून मी आकडे तीनदा पुन्हा भरले होते.

मुचकुंदी

दोघांचेही मनापासून आभार. मात्र एक अडचण इथेच येते. गावासाठी मला प्राथमिक जनगणना सार मिळाले. त्यात एकूण लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामकरी यांचे आकडे आहेत, वयोगट नाहीत. मग वयवार हिशेब गावासाठी करायचा कसा?

नकाशाकार

गावासाठी वयोगट प्रसिद्ध होत नाहीत, हे खरे आहे. तरीही गावाच्या आकड्यांचा उपयोग होतो, कारण गावाचा तालुक्यातील आणि जिल्ह्यातील वाटा त्यांतून काढता येतो. अडचण अशी, की दोन जनगणनांतील ‘तेच गाव’ खरोखर तेच आहे का, हे आधी पाहावे लागते. माझे काम नकाशांचे असल्याने या भागावर थोडे सविस्तर लिहितो.

हद्दी बदलतात. ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती आणि तिच्यात आजचा पालघर जिल्हा सामावलेला आहे, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. आपल्या भागातले उदाहरण याहून बोलके आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला आणि त्या वर्षीच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च होता. म्हणजे माणसे मोजली गेली तेव्हा सावंतवाडी आणि मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. हे लक्षात न घेता जुन्या ग्रंथातले १९८१ चे आकडे १९९१ च्या आकड्यांशेजारी ठेवले, तर रत्नागिरीची चौथाईहून अधिक माणसे दहा वर्षांत गेली असे दिसेल.

दुसरी गोष्ट संकेतांकांची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, रत्नागिरीचा ५२८, आणि प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक आहे. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक सर्वत्र हेच असतील असे मानू नका. गावाच्या नावावरून दोन तक्ते जोडायला जाऊ नका. एकाच तालुक्यात ‘खुर्द’, ‘बुद्रुक’ आणि ‘तर्फे’ यांचे इतके प्रकार सापडतात, की जोडणी चुकल्याचे कळतही नाही. नेहमी संकेतांकावरूनच जोडा. इथे एक्सेलचा एक खोडसाळ स्वभाव सांभाळावा लागतो. तालुक्याचा पाच अंकी संकेतांक शून्याने सुरू होतो. फाइल दुहेरी टिचकीने उघडली की एक्सेल त्याला संख्या समजून ते शून्य खाऊन टाकते आणि नंतर क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नकाशाशी एकही तालुका जुळत नाही. फाइल ‘विदा आयात करा’ या मार्गाने घ्यावी आणि तो स्तंभ मजकूर म्हणून घोषित करावा. मराठी नावे असतील तर त्याच खिडकीत यूटीएफ-८ निवडावे, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन आणि चिन्हांची रांग दिसते. जुने अहवाल श्रीलिपीसारख्या टंकात असतील तर आधी ते युनिकोडमध्ये आणावे लागतात आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात. त्याला पर्याय नाही.

गावांच्या अनेक जनगणना जोडून ठेवलेला ‘श्रग’ हा खुला विदासंच संशोधकांसाठी उपलब्ध आहे. त्याने जोडणीचे पुष्कळ काम वाचते.

शतपावली

उपग्रहचित्रांवरून लोकसंख्या काढणारे विदासंच आहेत, त्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठाचा ‘वर्ल्डपॉप’ शंभर मीटरच्या चौकटीपर्यंत लोकसंख्या देतो आणि तो मोफत आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. अशा वेळी २०११ च्या जुन्या आकड्यांपेक्षा हा मार्ग अधिक चांगला नाही का?

नकाशाकार

प्रश्न रास्त आहे. वर्ल्डपॉपचे काम मला आवडते आणि पूर किंवा वादळाच्या वेळी तो फार उपयोगी पडतो. मात्र त्यातील बहुतेक आकडे वरून खाली येतात. जनगणनेची किंवा तिच्यावरून केलेल्या प्रक्षेपणाची बेरीज घ्यायची आणि वस्ती, रस्ते, रात्रीचा उजेड, जमिनीचा वापर यांच्या आधारे ती बेरीज छोट्या चौकटींत वाटायची, अशी ही रीत आहे. म्हणून त्याला स्वतंत्र पुरावा मानता येत नाही. जिल्ह्याची बेरीज चुकली असेल, तर ती चूक शंभर मीटरच्या चौकटीतही तशीच उतरते आणि चौकट लहान असल्यामुळे अधिक अचूक भासते.

कोकणात याहून मोठी अडचण कुलूपबंद घरांची आहे. उपग्रहाला छप्पर दिसते. छपराखाली कोणी राहते का, हे दिसत नाही. मुंबईत नोकरी करून गावी पक्के, मोठे घर बांधण्याची आपल्याकडची रीत लक्षात घेतली, तर माणसे घटत असलेल्या गावात छपरांचे क्षेत्रफळ वाढत जाणे अगदी शक्य आहे. इमारतींच्या क्षेत्रफळावरून माणसे मोजणारी पद्धत अशा गावात नेमकी उलट दिशा दाखवील.

शतपावली

हे पटले. मग मतदारयादी, शिधापत्रिका किंवा आधारची नोंद? ही तर दरवर्षी अद्ययावत होणारी विदा आहे.

ओसरी

शतपावली, मतदारयादीत गावाबाहेर राहणाऱ्यांची नावे राहतात, कारण मतदानाला गावी येणे हा पुष्कळांना मानाचा भाग वाटतो. शिधापत्रिकेवर मुंबईतल्या मुलाचे आणि सुनेचे नाव असते. माणूस गेला तरी नाव काढायला कोणी लवकर जात नाही. या याद्या ‘गावाचे कोण’ हे सांगतात आणि पाणी समितीला ‘गावात कोण’ हे हवे आहे. त्यातल्या त्यात विश्वासाची म्हणाल तर शाळेची पटसंख्या, कारण तिथे मूल रोज समोर बसलेले असते. आणि ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद. तिच्यातही बाळंतपण माहेरी किंवा शहराच्या इस्पितळात झाले की जन्म तिकडेच नोंदला जातो, हे ध्यानात ठेवावे.

उत्तरायण

मी स्वीडनमध्ये राहतो. इथे प्रत्येक रहिवाशाला १९४७ पासून व्यक्तिक्रमांक आहे आणि पत्ता बदलला की करखात्याच्या लोकसंख्या नोंदवहीत तो बदलावा लागतो. या देशाची लोकसंख्या-आकडेवारी १७४९ पासून सलग आहे आणि ‘ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस’मध्ये स्वीडनच्या जीवनसारण्या १७५१ पासून सापडतात. त्या संग्रहात भारत नाही, कारण मृत्यूंची नोंद जवळपास पूर्ण असलेले देशच तिथे घेतात. म्हणून इथल्या अभ्यासकांसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरची उदाहरणे भारताच्या विदेवर जशीच्या तशी चालवू नयेत, एवढेच सांगतो. भारतात त्या जागी नमुना नोंदणी पद्धतीच्या जीवनसारण्या घ्याव्या लागतात आणि त्या राज्यापुरत्याच मिळतात.

कोष्टक

उत्तरायण यांनी चांगली आठवण करून दिली. नमुना नोंदणी पद्धतीत निवडलेल्या गावांत आणि शहरी गटांत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्र पाहणी करतो आणि दोन्ही नोंदी ताडून पाहतात. १९७० च्या सुमारापासून देशभर चालत आलेली ही पद्धत आपल्याकडची फार मोलाची विदा आहे. तिच्यानुसार २०२० साली महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी, १.५ होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत तोच १.७ आहे. दोन आकडे वेगळे दिसले म्हणून गोंधळू नका. पहिला एका वर्षाचा आहे आणि दुसरा पाहणीपूर्वीच्या तीन वर्षांचा, शिवाय मोजण्याची रीत वेगळी. महत्त्वाचे हे, की दोन्ही आकडे २.१ या प्रतिस्थापन पातळीच्या, म्हणजे एका पिढीची जागा पुढची पिढी जेमतेम भरून काढते त्या पातळीच्या, पुष्कळ खाली आहेत. गावातून एकही माणूस बाहेर गेला नाही असे मानले, तरी दीडपट वाढीला आधार सापडत नाही.

आता मुचकुंदी यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. जिल्ह्याला स्वतंत्र जीवनसारणी नाही, पाहणीच्या जिल्हा तथ्यपत्रकात एकूण जननदर नसतो आणि स्थलांतराची वर्षागणिक नोंद तर कुठेच नाही. अशा ठिकाणी मी हॅमिल्टन आणि पेरी यांची १९६२ ची पद्धत सुचवीन. तिला फक्त दोन जनगणनांचे वयोगट लागतात, आणि ते सी-१४ या तक्त्यात आहेत.

समजा, २००१ साली जिल्ह्यात १० ते १४ वयाचे १०,००० मुलगे होते. दहा वर्षांनी तेच मुलगे २० ते २४ वयाचे झाले. २०११ च्या तक्त्यात त्या वयाचे पुरुष ७,००० सापडले, तर गुणोत्तर ०.७० आले. उरलेल्या ३,००० पैकी थोडे वारले आणि बहुतेक बाहेर गेले. किती कशाने, हे वेगळे करायची गरजच पडत नाही. मृत्यू आणि स्थलांतर दोन्ही त्या एका गुणोत्तरात मुरलेले असतात. मग २०११ मधील १० ते १४ वयाचे ८,००० मुलगे घेतले, की २०२१ साठी २० ते २४ वयाचे ५,६०० पुरुष मिळतात. प्रत्येक वयोगटासाठी असे गुणोत्तर काढायचे. दहा वर्षांत जन्मलेली मुले मात्र मागच्या तक्त्यात नसतात, म्हणून ० ते ४ आणि ५ ते ९ या गटांसाठी मुले आणि प्रजननक्षम वयाच्या स्त्रिया यांचे गुणोत्तर वापरायचे. सगळे गणित एका एक्सेल शीटवर मावते. विशेष म्हणजे ५० आणि ६० वरचे सुळके दोन्ही जनगणनांत साधारण सारखेच असल्यामुळे दहा वर्षांच्या उडीत त्यांचा त्रास कमी होतो.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. २००१–२०११ चे स्थलांतर पुढेही तसेच चालेल, असे ती मानते. म्हणून एकच आकडा देऊ नये. स्थलांतर तसेच राहिले तर, निम्मे झाले तर आणि वाढले तर, असे तीन पर्याय काढून तिन्ही समितीपुढे ठेवावेत. जिल्ह्याच्या उत्तरातून गावाचा वाटा काढताना १९९१, २००१ आणि २०११ मधील गावाच्या वाट्याचा कल पाहावा.

पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन-मृत्यूंची पाहणी केली आणि ती १९५३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सारणीकरण हाताने होत असे. आज आपल्या हाती जे यंत्र आहे त्याच्या मानाने आपण फारच थोडे प्रश्न विचारतो, असे मला तीव्रतेने वाटते.

मुचकुंदी

गेले चार दिवस रात्री बसून हे शीट केले. पुरुषांच्या २० ते २४ आणि २५ ते २९ या दोन ओळींतील गुणोत्तरे पाहिली आणि माझ्या वर्गातले कोण कोण गावात उरले, हे नावांनिशी डोळ्यांपुढे आले. तिन्ही पर्यायांत दीडपट वाढ कुठेही येत नाही.

समितीत मात्र एक आक्षेप आला आणि तो मला खोडता आला नाही. चतुर्थीला आणि शिमग्याला प्रत्येक कुलूप उघडते, घरात दहा-बारा माणसे असतात, आणि त्याच दिवसांत पाणी पुरले नाही तर योजना फसली असे सगळे म्हणणार. जनगणना फेब्रुवारीत होते. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या काळात चाकरमानी मुंबईत असतात आणि तिथेच मोजले जातात.

कोष्टक

आक्षेप बरोबर आहे आणि त्याचे उत्तर वेगळ्या आकड्याने द्यावे लागते. राहती लोकसंख्या आणि सणाची लोकसंख्या या दोन निरनिराळ्या राशी आहेत. पंपाचा रोजचा खर्च पहिलीवर ठरवावा. वर्षातल्या दहा-पंधरा दिवसांसाठी जादा साठवण किंवा जादा वेळ पंप चालवणे, याचा विचार दुसरीवर करावा. राज्याच्या दराने फुगवलेला एकच आकडा या दोहोंपैकी कशाचेच उत्तर देत नाही.

सणाची लोकसंख्या कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही, ती गावालाच मोजावी लागेल. त्यासाठी ‘सीएसप्रो’ वापरता येईल. हे अमेरिकी जनगणना विभागाचेच मोफत सॉफ्टवेअर आहे, अनेक देशांच्या जनगणना त्यावर झाल्या आहेत, आणि अँड्रॉइड फोनवर घरोघर माहिती भरायची सोय त्यात आहे. प्रश्नावली मराठीत करता येते. त्याचा मोठा गुण म्हणजे भरतानाच तपासणी होते. आईचे वय मुलाच्या वयापेक्षा दहाच वर्षांनी जास्त लिहिले, तर तो फोन पुढे जाऊ देत नाही, अशी अट आपण घालू शकतो. दोनशे घरांपुरते काम असेल तर ‘कोबोटूलबॉक्स’ शिकायला त्याहून सोपे आहे. मात्र नावे आणि फोन क्रमांक गोळा करू नका. घरक्रमांक, वय, लिंग आणि राहण्याचा काळ एवढे पुरते, आणि फाइल समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका.

आणखी एक गोष्ट आतापासून लक्षात ठेवा. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे आणि माहिती मोबाइल अ‍ॅपवर भरली जाणार आहे. ते आकडे आले की आपण हे शीट पुन्हा चालवाल. तेव्हा दोन जनगणनांत दहा वर्षांऐवजी सोळा वर्षांचे अंतर असेल आणि सोळाला पाचाने भाग जात नाही. २०११ मध्ये २० ते २४ वयाची असलेली माणसे २०२७ मध्ये ३६ ते ४० वयाची असतील, म्हणजे दोन रूढ वयोगटांत विभागलेली. एकेरी वयाच्या तक्त्यातून ३६ ते ४० असा गट जुळवायला गेलात, तर ४० वरचा सुळका त्याच गटात येऊन बसेल आणि ४१, ४२ वयाची माणसेही तुमच्या गटात मोजली जातील. गुणोत्तर फुगेल आणि माणसे परत आली असे भासेल. म्हणून आधी पाच वर्षांचे गट सुरळीत करून घ्यावेत, स्प्राग गुणकांनी ते एकेका वर्षात फोडावेत आणि मगच सोळा वर्षांची उडी मोजावी. डेमोटूल्समध्ये स्प्रागचे काम एका ओळीत होते.

मुचकुंदी

स्प्राग गुणकांचे शीट आधीच करून ठेवतो. गावाची मोजणी आम्ही दोनदा करू, एकदा चतुर्थीत आणि एकदा फेब्रुवारीत, घरक्रमांक तेच ठेवून. ओसरीताई, आपल्याला एक विचारायचे आहे. चतुर्थीत घरी असलेल्या माणसाला ‘तुम्ही नेहमी कुठे राहता?’ असे विचारले, तर बहुतेक जण ‘इथलाच की मी’ म्हणतील. प्रश्न कसा मांडावा?

ओसरी

‘कुठे राहता’ विचारूच नका. त्याचे उत्तर माणूस मनाने देतो आणि ते त्याच्या दृष्टीने खरेच असते. घरातल्या कर्त्या बाईला विचारा, आणि एकेका माणसाचे वेगळे विचारा : गेल्या चतुर्थीपासून या चतुर्थीपर्यंत हा या घरात किती रात्री झोपला? ती बोटांवर मोजून सांगते. शिमग्याच्या पाच, मे महिन्याच्या बारा, कुणाच्या लग्नाच्या दोन. तो आकडा तसाच लिहा, त्याचे महिने करू नका.